केस-मॅनेजमेंटचा फलक दर महिन्याला तुंबतो: वकिलाच्या ऑफिससाठी समस्या निवारण

लक्षणं बहुतेक ऑफिसांत सारखीच असतात. प्रकरणांची कामं सांभाळणारं सॉफ्टवेअर येतं, रकान्यांचा फलक तयार होतो (एक काम म्हणजे एक कार्ड) आणि पहिले दोन-तीन आठवडे सगळे उत्साहाने कार्डं सरकवतात. मग 'प्रलंबित' नावाचा रकाना फुगू लागतो. महिनाभरात त्यात इतकी कार्डं साचतात की खाली स्क्रोल करायचाही कंटाळा येतो. कारकून पुन्हा डायरी उघडतो, ज्युनिअर मंडळी व्हॉट्सॲप ग्रुपवर 'त्या नकलेचं काय झालं?' विचारू लागतात आणि फलक नुसता शोभेला उरतो. मग एखाद्या शनिवारी कुणीतरी सगळा साफ करतं आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा तुंबतो.

साफसफाईने हे सुटत नाही, कारण दोष माणसांच्या आळसापेक्षा रकान्यांच्या रचनेत असतो. खालचा तपास महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत काम करणाऱ्या, चार ते पंधरा माणसांच्या ऑफिससाठी आहे. कोर्टाच्या बोर्डाशी, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीशी, गल्लत नको म्हणून सॉफ्टवेअरमधल्या बोर्डाला इथे फलक म्हटलं आहे. बटणांची नावं प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळी असतात, दुखणं मात्र तेच.

आधी बघा: कार्ड हरवलंय की दडलंय?

'मी टाकलं होतं, आता दिसत नाही' ही तक्रार असेल तर रचनेला हात लावण्याआधी दहा मिनिटं इथे घालवा. फलक सोडून साध्या यादीच्या दृश्यात जा, सगळे फिल्टर काढा आणि एकूण कामं मोजा. मग फलकावरच्या सगळ्या रकान्यांतली कार्डं मोजा. आकडे जुळत नसतील तर कार्डं दडलेली आहेत.

पहिला संशयित जतन केलेला फिल्टर. कुणीतरी 'फक्त माझी कामं' निवडून ते दृश्य सगळ्यांसाठी जतन केलेलं असतं. दुसरा संशयित जास्त फसवा आहे. जिरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये कामाची स्थिती आणि फलकावरचा रकाना या दोन वेगळ्या गोष्टी असतात. 'बजावणी बाकी' अशी नवी स्थिती तयार केली आणि ती कुठल्याही रकान्याला जोडली नाही, तर ते काम यादीत आणि शोधात सापडतं, फलकावर मात्र येतच नाही. फलकाच्या सेटिंगमध्ये न जोडलेल्या स्थितींची यादी असते. ती रिकामी करा. तिसरा संशयित परवानगी: प्रकरण 'गोपनीय' केलं की त्याची कार्डं त्या प्रकरणाच्या यादीत नाव नसलेल्या ज्युनिअरला दिसत नाहीत. कौटुंबिक दाव्यांत हे हमखास होतं.

आकडे जुळत असतील तर पुढे चला.

फुगलेल्या रकान्यातली दहा कार्डं उघडा

कोणतीही दहा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: आता पुढचं पाऊल कुणी उचलायचं आहे? दहापैकी तीन ठिकाणी उत्तर 'पक्षकाराने', दोन ठिकाणी 'बेलिफाने' (समन्स पोचवणारा कोर्टाचा कर्मचारी), दोन ठिकाणी 'साहेबांनी' (म्हणजे सीनिअर वकिलांनी), दोन ठिकाणी 'आपणच, पण कुणी ते ठरलेलं नाही' आणि एका ठिकाणी 'हे तर होऊन गेलं' असं आलं, तर निदान झालंच. एका रकान्यात चार प्रकारची वाट बघणं कोंबलेलं आहे.

आता रकान्यांची नावं वाचा. नेहमी दिसणारी माळ अशी असते: नवीन, दिवाणी, समन्स, पुरावा, अर्जंट, साहेबांकडे, प्रलंबित, झालं. यातलं 'दिवाणी' हा प्रकरणाचा प्रकार आहे, 'समन्स' आणि 'पुरावा' हे कोर्टातले टप्पे आहेत, 'अर्जंट' म्हणजे निकड आणि 'साहेबांकडे' म्हणजे माणूस. पुराव्याच्या टप्प्यावरचा, साहेबांकडे वाचायला असलेला, अर्जंट दिवाणी दावा एकाच वेळी चार रकान्यांत बसतो. टाकणारा एका जागी टाकतो, शोधणारा दुसऱ्या जागी शोधतो. जे कुठेच नीट बसत नाही ते 'प्रलंबित'मध्ये जातं, आणि वकिलाच्या ऑफिसात नीट न बसणारंच जास्त असतं.

प्रकरण वेगळं, काम वेगळं

सगळ्यात मोठी दुरुस्ती ही आहे. बाकी काही केलं नाही तरी एवढी करा.

दावा वर्षानुवर्षं चालतो, काम काही दिवसांत संपतं. दोन्ही एकाच फलकावर ठेवले की दाव्यांची कार्डं महिनोन्‌महिने हलत नाहीत आणि डोळ्यांना न हलणारी कार्डं बघायची सवय लागते. मग खरोखर अडकलेलं कामही त्याच नजरेने बघितलं जातं.

प्रकरणाची नोंद स्वतंत्र ठेवा. तिच्यात १६ अक्षर-अंकांचा सीएनआर (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक), मुकदमा नंबर, कोर्ट, पक्षकार, कोर्टातला टप्पा आणि पुढची तारीख. ही नोंद फलकावर येणार नाही. फलकावर फक्त काम येईल आणि ते प्रकरणाला जोडलेलं असेल.

कार्डाच्या नावात क्रियापद हवं. नुसतं 'रे.मु.नं. ४५/२०१९' (रेग्युलर मुकदमा नंबर) हे नाव चुकीचं, कारण त्यावरून काय करायचं ते कळत नाही. 'निशाणी ५ वर से तयार करणे' (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर लेखी म्हणणं), 'बेलिफ भत्ता भरणे', 'वकीलपत्रावर सही घेणे' ही बरोबर नावं. एका कार्डाला एकच माणूस जबाबदार. दोन नावं लावलेलं कार्ड दोघांपैकी कुणीच करत नाही. 'कैफियत', म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, हे एका कार्डाचं काम नाही. कागद मागवणं, मसुदा, तपासणी, पक्षकाराची सही आणि प्रतिज्ञापत्र, मग दाखल करणं, अशी पाच कामं त्यात दडलेली असतात. ती चेकलिस्ट म्हणून एका कार्डात ठेवायची की वेगळी कार्डं करायची, हे सोप्या कसोटीवर ठरवा: माणूस बदलत असेल तर वेगळं कार्ड, एकच माणूस सलग करणार असेल तर चेकलिस्ट.

रकाने: सहा पुरेत

येणार, तयार, हातात, तपासणी, बाहेर अडकलं, झालं. रकाना फक्त एकच गोष्ट सांगेल: आपल्या ऑफिसातल्या कामाची आजची अवस्था. बाकी सगळं कार्डावरच्या माहितीच्या कप्प्यांत, म्हणजे फील्डमध्ये.

'तयार'मध्ये कार्ड तेव्हाच येईल जेव्हा ते करायला लागणारे कागद हातात आहेत. दाव्याची प्रतच मिळालेली नसताना कैफियतीचं कार्ड 'तयार'मध्ये टाकलं की ज्युनिअर ते उचलतो, अडतो, ठेवून देतो. त्यामुळे 'हातात' रकाना अर्धवट कामांनी भरतो.

'हातात'मध्ये माणशी तीन कार्डं, जास्त नाहीत. चौथं घ्यायचं असेल तर एक पूर्ण करा किंवा मागे टाका. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रकान्याला मर्यादा लावता येते आणि ती ओलांडली की रकाना लाल होतो. मात्र अनेक ठिकाणी ही मर्यादा फक्त रंग बदलते, कार्ड अडवत नाही, त्यामुळे पाळायची माणसांनीच. माणशी मर्यादा लावायची सोय नसेल तर माणसांप्रमाणे आडव्या पट्ट्या पाडा. कुणाच्या पट्टीत किती कार्डं आहेत ते एका नजरेत दिसतं.

'तपासणी' म्हणजे सीनिअर वकिलांनी वाचायचे मसुदे. इथे एक हिशेब कामाला येतो: रकान्यातली कार्डं भागिले आठवड्याला निपटणारी कार्डं, म्हणजे नव्या कार्डाला सरासरी लागणारे आठवडे. तपासणीत ४० मसुदे आहेत आणि आठवड्याला ८ वाचून होतात, तर आज टाकलेला मसुदा साधारण पाच आठवड्यांनी बाहेर येईल. कैफियतीची मूळ मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवस. म्हणजे मसुदा वेळेत तयार होऊनही मुदत टेबलावरच संपली. म्हणून तपासणीची मर्यादा एका-दोन संध्याकाळी वाचून होतील एवढीच ठेवा, पाच किंवा सहा. रकाना भरला की ज्युनिअरने नवा मसुदा घ्यायचा नाही, आधीच्या मसुद्यांतल्या त्रुटी काढायच्या.

'बाहेर अडकलं' ही खरी दलदल

'प्रलंबित' नाव काढून टाका. ते इतकं सैल आहे की त्यात काहीही मावतं. त्याच्या जागी 'बाहेर अडकलं' ठेवा आणि दोन फील्ड सक्तीचे करा: कुणाकडे अडकलं (पक्षकार, कोर्टाच्या प्रमाणित प्रती देणारा नक्कल विभाग, बेलिफ, बँक, तलाठी किंवा भूमी अभिलेख, समोरचे वकील) आणि विचारणा कधी करायची. हे दोन्ही भरल्याशिवाय कार्ड त्या रकान्यात जाता कामा नये. सॉफ्टवेअरमध्ये सक्तीच्या फील्डची सोय नसेल, तर विचारणेची तारीख रिकामी असलेली कार्डं रोज सकाळी दाखवणारा एक जतन केलेला शोध करून ठेवा.

मग एकच स्वयंचलित नियम: विचारणेची तारीख आली की कार्ड 'तयार'मध्ये परत येईल. फोन करणं हेही काम आहे आणि ते कुणाच्या तरी रांगेत दिसलं पाहिजे. विचारणेचं अंतर माणसागणिक वेगळं ठेवा. पक्षकाराला तीन दिवस, नक्कल विभागाला आठवडा, समन्सच्या बजावणी अहवालासाठी पुढच्या तारखेच्या आधीचे दहा दिवस. अहवाल आला नाही हे तारखेच्या दिवशी कोर्टात कळण्यात काहीच हशील नाही.

नकलेसाठी तीन वेगळे तारखेचे फील्ड हवेत: अर्ज केला, नक्कल तयार झाली, आपण ताब्यात घेतली. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अपिलाच्या मुदतीतून नक्कल मिळवायला लागणारा काळ वगळला जातो. पण नक्कल तयार होऊन नक्कल विभागात पडून राहिली, ते दिवस आपल्या खात्यावर जातात. जिल्हा न्यायालयातल्या दिवाणी अपिलाला ३० दिवस असतात. त्यात आठ दिवस नुसते 'आणायला कोण जाणार' यात गेले तर ते कार्डावर दिसायलाच हवं.

एकच तारखेचं फील्ड: सगळ्यात महागडी चूक

फलक तुंबणं दिसतं तरी. ही चूक दिसत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

बहुतेक कार्डांना मुदतीचं एकच फील्ड मिळतं. ज्युनिअर त्यात कैफियतीची मुदत लिहितो. दरम्यान दावा बोर्डावर येतो, सहा आठवडे पुढची तारीख पडते, आणि कारकून प्रामाणिकपणे त्याच फील्डमध्ये नवी तारीख लिहितो. लाल झालेलं कार्ड हिरवं होतं, सगळ्यांना हायसं वाटतं आणि ३० दिवस शांतपणे उलटून जातात. पुढे कोर्ट कारणं नोंदवून बजावणीपासून ९० दिवसांपर्यंत वेळ देऊ शकतं, पण ती कारणं आपल्याला सांगावी लागतात. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो.

तीन फील्ड करा. कोर्टाची तारीख प्रकरणाच्या नोंदीत राहील आणि कार्डावर नुसती दिसेल. कायद्याची मुदत कार्डावर राहील आणि ती बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला असेल. ऑफिसातली तारीख कायद्याच्या मुदतीच्या सात दिवस आधीची ठेवा, ती ज्युनिअर बदलू शकतो. कार्डाचा लाल रंग फक्त कायद्याच्या मुदतीवर चालेल.

साचे (टेम्प्लेट) वापरत असाल तर दिवस कुठून मोजले जातात ते तपासा. बऱ्याच साच्यांत 'अधिक ३० दिवस' हे कार्ड तयार केल्यापासून मोजले जातात. समन्स १ तारखेला बजावलं, पक्षकार ९ ला कागद घेऊन आला, कार्ड १० ला झालं, तर मुदत नऊ दिवस चुकीची दाखवली जाते. 'घटनेची तारीख' असं फील्ड ठेवून मोजणी तिथूनच लावा.

चेक परत आल्याच्या प्रकरणात साखळीच असते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यापासून चेक देणाऱ्याला १५ दिवस. ते संपल्यापासून एक महिन्यात फिर्याद. ही तीन कार्डं आहेत आणि दुसरं पहिल्यावर आपोआप तयार होऊ नये. नोटीस मिळाल्याची तारीख पोचेवरून भरली गेली तरच दुसरं तयार व्हावं. आणखी एक बारकावा: नोटिशीचे ३० दिवस हे दिवसच आहेत, पण फिर्यादीचा 'एक महिना' हा कॅलेंडरचा महिना आहे. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीला '३०' टाकलं तर फेब्रुवारीत दोन दिवस जास्त दाखवले जातात, आणि तिथेच घात होतो.

वर्ग आणि रंग

प्रकरणाच्या प्रकारांची यादी आठ ते बाराच्या आत ठेवा: दिवाणी, फौजदारी, चेक, कौटुंबिक, मोटार अपघात, महसूल, ग्राहक, दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी), वगैरे. 'इतर' ठेवलंत तर महिन्यातून एकदा रिकामं करा, नाहीतर तोच नवा 'प्रलंबित' होतो. रंग एकाच गोष्टीला द्या. प्रकाराला एक, माणसाला एक, निकडीला एक असे रंग दिले की फलक होळीसारखा दिसतो आणि लाल म्हणजे काय हे कुणालाच सांगता येत नाही.

टॅग तयार करण्याचा अधिकार एकाकडेच ठेवा. नाहीतर 'नक्कल', 'नकला', 'नक्कल अर्ज' असे तीन टॅग होतात आणि एकावर शोधलं की बाकी दोन्हींवरची कामं सुटतात. मराठीत याला आणखी एक फाटा आहे. 'सातबाऱ्याचा उतारा' हा टॅग दोनदा दिसतोय आणि दोन्ही अगदी सारखे दिसताहेत, तर एकाने ऱ्य हे अक्षर नुक्त्याच्या ऱ पासून टाइप केलंय आणि दुसऱ्याने साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधाला दिसतो. एक ठेवून दुसरा त्यात विलीन करा आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एकच कीबोर्ड ठेवा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर तसाच चिकटवू नका. तो युनिकोड नसल्यामुळे फलकावर निरर्थक अक्षरं उमटतात. आधी रूपांतर करून घ्या.

कार्ड आपोआप मागे-पुढे उड्या मारतंय?

दोन स्वयंचलित नियम भांडताहेत. एक म्हणतो चेकलिस्ट पूर्ण झाली की 'तपासणी'त ने, दुसरा म्हणतो तारीख आली की 'तयार'मध्ये आण. कार्डाचा इतिहास उघडा, कोणत्या नियमाने हलवलं ते तिथे लिहिलेलं असतं. कार्ड हलवणारा नियम एका रकान्याला एकच ठेवा, बाकीचे नियम फक्त सूचना देतील. सूचनाही मोजक्याच असू द्या. दिवसाला पन्नास सूचना आल्या की लोक सगळ्याच बंद करतात आणि मुदतीचीही त्यात जाते.

'झालं'ची व्याख्या लिहून ठेवा. ई-फायलिंग केलं म्हणजे काम झालं असं नाही, कोर्टाच्या तपासणीत ऑब्जेक्शन निघू शकतं. दाखल केल्याची पोच जोडलेली असेल आणि ऑब्जेक्शन नसेल किंवा दूर झालं असेल, तरच 'झालं'. महिन्याच्या शेवटी ती कार्डं संग्रहात टाका. पुसू नका, इतिहासही त्यांच्याबरोबर जातो.

जुना फलक नव्यात नेताना

जुनी सगळी कार्डं ओढून आणायचा मोह टाळा. जिवंत प्रकरणांची यादी घ्या, प्रत्येकापुढे 'पुढचं काम काय' लिहा आणि उत्तर असेल तरच कार्ड करा. येत्या पंधरा दिवसांच्या बोर्डापासून सुरुवात केली की दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

यादी एक्सेलमधून नेत असाल तर सांभाळा. १२/२०१९ असा मुकदमा नंबर एक्सेल डिसेंबर २०१९ समजून तारखेत बदलतं. ४५/२०१९ तसाच राहतो, कारण ४५ वा महिना नसतो. त्यामुळे फक्त १ ते १२ नंबरचे दावे बिघडतात आणि वरवर बघताना लक्षात येत नाही. फाइल थेट न उघडता डेटा आयात करा आणि तो स्तंभ मजकूर म्हणून निवडा. ०५/०८ ही पाच ऑगस्ट आहे की आठ मे, हेही सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आधी पाहून घ्या. मराठी अक्षरांच्या जागी चिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन झालेली नाही किंवा तशी वाचली जात नाही.

रोज कोर्टाला निघण्याआधी दहा मिनिटं फलक उजवीकडून डावीकडे वाचा: आधी तपासणी आणि अडकलेलं, नवीन कामं सगळ्यात शेवटी. संध्याकाळी पुढच्या तारखा एकाच माणसाने भरायच्या. कोर्टांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावरची तारीख आणि डायरीतली तारीख जुळली नाही तर दुसऱ्या दिवशी रोजनामा (कोर्टाची त्या दिवसाच्या कामाची नोंद) बघून ठरवायचं, अंदाजाने नाही.

चार आठवड्यांनी तीन गोष्टी पाहा: प्रत्येक रकान्यातलं सगळ्यात जुनं कार्ड किती दिवसांचं आहे, तारीख नसलेली कार्डं किती आणि 'तपासणी' किती वेळा मर्यादेबाहेर गेलं. पहिल्या दोन गोष्टी सुधारल्या आणि तिसरी तशीच राहिली, तर आता सॉफ्टवेअरमध्ये काही करण्यासारखं उरलेलं नाही. तारीख मागण्याचे अर्ज, पुरसिस (कोर्टाला काही कळवणारं छोटं लेखी निवेदन), नक्कल अर्ज आणि ठरावीक नमुन्यातल्या नोटिसा सीनिअरकडे न जाता अनुभवी ज्युनिअरच्या सहीने बाहेर जातील, असं ठरवावं लागेल. कोणते मसुदे साहेबांनी वाचायचेच, ती यादी साहेबांनीच करायची.